पाक विद्योकोंचा पुढचा ब्रेक

ब्रेक न लागणं ही तशी खाजगी गोष्ट असते. माणूस आणि त्याची मोटरसायकल, यांच्यातली. पण पाक विद्योकोंचा पुढचा ब्रेक ज्या सकाळी लागला नाही, त्या सकाळी मागच्या सीटवर त्यांची बायको बसली होती आणि उताराच्या तळाशी बू तुमिनींची भज्यांची गाडी उभी होती. त्यामुळे दुपारच्या जेवणापर्यंत ही गोष्ट गल्लीच्या मालकीची झाली.

सालातिगा गाव (तिकडे पुरुषांना आदराने ‘पाक’ म्हणतात, बायकांना ‘बू’) डोंगराच्या अंगावर वसलंय, आणि त्यातली केनांगा गल्ली तर इतकी उतरती, की वरच्या घरात कुणाच्या हातून लिंबू निसटलं तर खालच्या घरातली बाई ते उचलून ‘तुमचंच का हो?’ म्हणून विचारायला वर येते. अशा गल्लीतून पाक विद्योको बायकोला पोस्टात सोडायला निघाले होते. बू रेत्नो पोस्टाच्या खिडकीत बसायच्या. उताराच्या मध्यावर आल्यावर पाक विद्योकोंनी ब्रेक दाबला. ब्रेक मुठीपर्यंत आला, गाडी मात्र स्वतःच्या विचारात चालत राहिली. त्यांनी मागचा ब्रेक दाबला, दोन्ही पाय जमिनीला लावले, तोंडाने ‘या अल्ला’ म्हटलं, आणि या सगळ्याच्या एकत्रित परिणामाने गाडी अर्धी गिरकी घेऊन थांबली.

बू रेत्नो थांबल्या नाहीत. त्या सीटवरून उठल्यासारख्या उठल्या आणि बू तुमिनींच्या गाडीपुढच्या बाकावर जाऊन बसल्या. ताठ. डोक्यावर हेल्मेट, मांडीवर पर्स. इतक्या गिऱ्हाइकासारख्या, की बू तुमिनींनी कढईतून मान वर न करता विचारलं, “टेंपे की केळं?”

“टेंपे,” बू रेत्नो म्हणाल्या. “दोन.”

त्यांनी सोयाबीनच्या वड्यांची ती दोन्ही भजी शांतपणे खाल्ली. मग हेल्मेट काढून नवऱ्याच्या गाडीच्या आरशाला अडकवलं आणि आवाज अजिबात न चढवता सांगितलं, “हा ब्रेक नीट होईपर्यंत मी तुमच्या मागे बसणार नाही.” आणि पोस्टाच्या दिशेने चालायला लागल्या.

नुसतं एवढंच असतं तर पाक विद्योकोंनी सावकाश ब्रेक दुरुस्त करून घेतला असता. पण दुसऱ्या दिवसापासून बू रेत्नो रोज सकाळी गल्लीतून पायी उतरायला लागल्या, आणि पाक विद्योको त्यांच्या बाजूने, मागच्या ब्रेकवर पाय रोवून, मुंगीच्या चालीने गाडी चालवत ‘अगं बस तरी’ असं पुटपुटायला लागले. लग्न झाल्यापासून या दोघांना गल्लीने एकाच सीटवर पाहिलं होतं. गल्लीने जो काढायचा तो अर्थ काढला.

तिसऱ्या संध्याकाळी पाक मार्सुदी केकचा डबा घेऊन आले. पाक मार्सुदी म्हणजे गल्लीचे निवडून आलेले प्रमुख, तिथल्या भाषेत पाक एरते. पूर्वी सैन्याच्या कचेरीत कारकून होते. वजन नव्वदच्या पुढे, आणि बोलणं हुकूम सुटल्यासारखं. खुर्चीत बसून त्यांनी आधी हवेबद्दल विचारलं, मग शाळेबद्दल, मग दार बंद आहे ना हे पाहून आवाज खाली आणला.

“पाक गुरू, बू रेत्नो पायी का जातात?”

पाक विद्योको सरकारी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. त्यामुळे गल्ली त्यांना पाक गुरूच म्हणे. “ब्रेक बिघडलाय,” ते म्हणाले.

“हं,” पाक मार्सुदींनी मान हलवली. “कोणाचा?”

“गाडीचा!”

“सगळे असंच म्हणतात. मागे सातव्या घरातले म्हणाले होते, पाण्याचा पंप बिघडलाय. शेवटी बायको माहेरी गेली.” ते पुढे झुकले. “हे बघा, असली प्रकरणं आधी माझ्याकडे यायची असतात. माझ्याकडे मिटली नाहीत तर वॉर्ड कचेरीत जातात. तिथे गेली की मग सगळं कागदावर येतं. त्यापेक्षा तुम्ही माफी मागून टाका.”

“कसली माफी? पुढच्या चाकातला पिस्टन अडकलाय!”

“तीच मागा. ज्याची असेल त्याची,” पाक मार्सुदी म्हणाले आणि जाताना केकचा डबा बू रेत्नोंच्या हातात देऊन ‘धीर धरा’ असंही म्हणाले. बू रेत्नोंनी डबा घेतला आणि धीरही धरला.

आता प्रश्न ब्रेकचा उरला नव्हता. अब्रूचा झाला होता. पाक विद्योको दुसऱ्याच दिवशी बाजारातल्या मेकॅनिककडे गेले. त्याने चाकापाशी उकिडवं बसून एक नजर टाकली आणि उठून हात पुसले. “अख्खा कॅलिपर बदला, पाक गुरू. सेमारांगहून येईल. स्वातंत्र्यदिनाच्या सुट्ट्या झाल्या की.”

“आतली रबरं बदलून चालणार नाही?”

“चालेल की. पण मी नाही करत. डोक्याला ताप आहे.”

हे शब्द पाक विद्योकोंना लागले. ज्या कामाने मेकॅनिकच्या डोक्याला ताप होतो ते काम नेमकं डोकं असलेल्याने करावं, असं त्यांना वाटलं. शिवाय हा ब्रेक म्हणजे आहे काय? मुठीपाशी तेल दाबायचं, नळीतून तो दाब कॅलिपरमध्ये पोचतो, तिथला पिस्टन पुढे सरकतो आणि दोन पॅड चाकाच्या तबकडीला चिमटीत धरतात. पास्कलचा नियम! हा नियम त्यांनी इतक्या मुलांना शिकवला होता की निम्म्या गावाला तो त्यांच्या अक्षरात पाठ होता. पास्कलच्या नियमालाच दोन नटबोल्टांनी चाकाशी बांधलंय, इतकं ते सोपं होतं.

“अर्ध्या दिवसाचं काम आहे,” ते बू रेत्नोंना म्हणाले.

बू रेत्नो शेंगा सोलत होत्या. “कुठल्या दिवसाच्या?” त्यांनी विचारलं.

पहिली अडचण रबरांची आली. सुट्या भागांच्या दुकानातल्या बाईंनी सांगितलं, रबरं वेगवेगळ्या मापाची असतात, जुनं दाखवा. जुनं कॅलिपरच्या आत होतं. कॅलिपर काढायचा तर गाडीचा पुढचा ब्रेक जाणार, आणि मग दुकानात यायचं तर ते पुन्हा पायी. पाक विद्योकोंनी हा मुद्दा बाईंपुढे मांडला. बाई म्हणाल्या, “ब्रेक नाहीच आहे म्हणताय ना? मग जाणार काय?” ते घरी जाऊन कॅलिपर सोडवून पिशवीत घालून पायी परत आले. वाटेत बू तुमिनींनी त्यांना पायी जाताना पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी होती की आता दोघंही पायी जातात, पण वेगवेगळ्या वेळी.

दुसरी अडचण पिस्टनची. पुढची ओसरी धुऊन, वर्तमानपत्रं पसरून, चष्मा लावून पाक विद्योको बसले. पॅड निघाले. पिस्टन निघेना. तो गंजून कॅलिपरच्या भिंतींना असा धरून बसला होता, की जणू भाडेकरू.

कुंपणाच्या डाव्या बाजूने पाक गुनादींचं डोकं वर आलं. पाक गुनादी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. पाक मार्सुदींच्या आधी दोन वेळा तेच पाक एरते होते, आणि तिसऱ्यांदा पडल्यापासून त्यांचं बहुतेक बोलणं ‘आमच्या वेळी’ने सुरू होई.

“आमच्या वेळी कारखान्यात असलं काही अडकलं की आम्ही तापवायचो,” ते म्हणाले. “तापवा. धातू फुगतो.”

पाक विद्योकोंनी बायकोच्या भात वाफवायच्या मोदकपात्रासारख्या भांड्यात कॅलिपर ठेवला आणि छान वाफ दिली. पिस्टन हलला नाही. कॅलिपरही फुगला असेल आणि पिस्टनही, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. भाताला मात्र ब्रेक ऑइलचा वास लागला, तो पुढे कितीतरी दिवस गेला नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून पाक मार्सुदी आले. “तापवताय? कोणी सांगितलं?” कुंपणावरचं डोकं त्यांना दिसलं. “अच्छा. अहो, गार करा! धातू आकसतो.”

या दोघांचं निवडणुकीपासून एका गोष्टीवर एकमत झालेलं गल्लीला आठवत नव्हतं. पाक विद्योकोंनी शेजारधर्म म्हणून कॅलिपर फ्रीजरमध्येही ठेवला. रात्रीपुरता. सकाळी बू रेत्नोंनी मासा समजून तो बाहेर काढला, पिशवी उघडली, आत पाहिलं, आणि पुन्हा गाठ मारून तो नवऱ्याच्या ताटात ठेवला.

“हवेने निघेल,” पाक विद्योको ताटाकडे बघत म्हणाले. “दाबाने. मूळ तत्त्वच ते आहे.”

हवेचा पंप होता गल्लीच्या तोंडाशी, कास्मनच्या पंक्चरच्या दुकानात. आणि त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी सगळे पुरुष जमले होते, कारण स्वातंत्र्यदिन जवळ आला होता आणि वॉर्डाची सुंदर गल्ली स्पर्धा होती. दरवर्षी गल्लीच्या कमानीला नवा लाल-पांढरा रंग द्यायचा, परीक्षक यायचे, आणि दरवर्षी बक्षीस शेजारच्या मेलाती गल्लीला मिळायचं. या वर्षी पाक मार्सुदींनी स्वतः लक्ष घातलं होतं. ते शिडीशी उभे राहून हुकूम देत होते. कमानीचे दोन्ही खांब खाली लाल, वर पांढरे, आरशासारखे चमकत होते. शिडीच्या वरच्या पायरीवर लाल रंगाचा डबा होता.

कास्मनने पंपाची नळी कॅलिपरच्या भोकाला लावली. “दाबू?”

“थांब जरा,” पाक विद्योको म्हणाले. ते मनातल्या मनात हिशेब करत होते: हवेचा दाब इतका, पिस्टनचं क्षेत्रफळ इतकं, म्हणजे पिस्टनवरचं बल... बल जरा जास्तच येत होतं. शंका आली म्हणून त्यांनी पुन्हा गुणाकार केला. तेवढ्या वेळात कास्मनला ‘थांब’ हा शब्द जुना वाटायला लागला असावा. त्याने खटका दाबला.

फट्ट!

गुणाकार बरोबर होता. पिस्टन कॅलिपरमधून निघाला, रस्ता ओलांडून गेला आणि शिडीवरच्या डब्याला ठणकन लागून खाली पडला. माणसाला कुणाला काही झालं नाही. डबा मात्र थोडा विचार करून कलला, आणि उजव्या खांबाच्या पांढऱ्या भागावरून लाल रंग अगदी निवांत खाली ओघळला.

पाक विद्योको धावले. सभ्य माणसाकडून चूक झाली की तो आधी पुसायला धावतो. हातात फडका होताच. त्यांनी ‘माफ करा, माफ करा’ म्हणत खांब वरपासून खालपर्यंत पुसून काढला. तो फडका सकाळपासून ब्रेक ऑइलमध्ये भिजलेला होता, आणि ब्रेक ऑइल रंगाचं काय करतं हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. ते सगळ्यांनाच एकदम कळलं. तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा रंग आधी सुरकुतला, मग फुगला, मग घड्या पडून लोंबायला लागला. या वर्षीचा गेला. त्याखालचा गेल्या वर्षीचा गेला. त्याखालचा त्याच्या आधीचा गेला. पाक विद्योको घाबरून आणखी जोरात पुसत राहिले, आणि शेवटी खांबावर काळ्या ठळक अक्षरांत एक ओळ उजेडात आली:

‘ही कमान पाक गुनादी यांच्या कारकिर्दीत उभारली.’

पाक गुनादी मागे हात बांधून उभे होते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला आणि ओळ मोठ्याने वाचली. मग मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा वाचली.

“हे कुठे गेलं होतं?” त्यांनी विचारलं.

“रंगाखाली,” पाक मार्सुदी म्हणाले.

“रंगाखाली कोणी घातलं?”

“कोणी कसलं? दरवर्षी रंग लागतो. काळाच्या ओघात झाकलं जातं.”

“काळाने ब्रश कुठल्या हातात धरला होता?” पाक गुनादी म्हणाले, आणि दुकानातलं स्टूल मागवून खांबाशी बसले. परीक्षक येऊन जाईपर्यंत या खांबाला ब्रश लागू देणार नाही, असं त्यांनी सांगितलं. जेवणही तिथेच मागवलं.

संध्याकाळी पाक मार्सुदींच्या पडवीत चटया टाकून सभा बसली. या गल्लीत मतदान करून विषय संपवायची पद्धत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं. गोड चहा फिरत राहिला. पाक गुनादी म्हणत होते, नाव राहील. पाक मार्सुदी म्हणत होते, एका खांबावर सोललेला रंग आणि जुनं नाव घेऊन परीक्षकांपुढे जायचं तर गल्लीने स्पर्धाच सोडावी. अधूनमधून बोलणं थांबलं की सगळे पाक विद्योकोंकडे पाहत आणि मग पुन्हा सुरू करत. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलांना काय वाटत असेल, हे त्यांना प्रथमच नीट समजलं.

शेवटी बू तुमिनींनीच तोडगा काढला. “परीक्षकांनी खांब बघू नये असं आहे ना? मग दुसरं काहीतरी बघायला द्या. मिरवणूक काढा. पुढे सजवलेली मोटरसायकल.”

“कोणाची?” कोणीतरी विचारलं. सगळ्यांनी पुन्हा पाक विद्योकोंकडे पाहिलं.

“तिला ब्रेक नाही,” पाक विद्योको म्हणाले.

“अर्ध्या दिवसाचं काम आहे ना?” पाक गुनादी म्हणाले. कुंपणावरून त्यांना सगळं ऐकू येई.

मग मागच्या सीटवर गल्लीच्या वतीने कोणी बसायचं, यावर चहाची आणखी एक फेरी झाली. पाक मार्सुदी सध्याचे प्रमुख होते. पाक गुनादींनी कमान उभारली होती. अखेर एकमत झालं: उतरताना पाक मार्सुदी बसतील, चढताना पाक गुनादी. पाक विद्योकोंचं मत कोणी विचारलं नाही. ते चालक होते.

पिस्टन गटारात सापडला. पाक विद्योकोंनी तो बारीक पॉलिश कागदाने घासून चकचकीत केला, नवी रबरं ब्रेक ऑइलमध्ये बुडवून जागेवर बसवली, पिस्टन दोन अंगठ्यांनी दाबला, आणि तो लोण्यात सुरी शिरावी तसा आत गेला. खरं सांगायचं तर त्या क्षणी ओसरीवर ते एकटेच होते आणि त्यांनी स्वतःशी ‘शाबास’ असं म्हटलं.

राहिली नळीतली हवा काढायची. हे काम एकट्याचं नाही. एकाने मुठीपाशी ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली कॅलिपरचा छोटा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे निघाले की आवळायचा, मग वरच्याने सोडायचं. बू रेत्नो कामावरून आल्या त्या तशाच उभ्या राहिल्या.

“दाब,” पाक विद्योको चाकापाशी बसून म्हणाले. “धर... सोड. अगं, आत्ता नको सोडूस!”

“तुम्ही सोड म्हणालात.”

“मी स्क्रूला म्हणालो.”

“स्क्रूला तुम्ही काय म्हणता आणि मला काय म्हणता ते आधी ठरवा.”

“तुला ‘सोड’ म्हणीन. स्क्रूला काहीच म्हणणार नाही.”

“मग दाब कोणाला?”

“तुला! दाब... धर... धरून ठेव...”

“धरलंय. किती वर्षं धरू?”

कुंपणावरून पाक गुनादी ऐकत होते. पलीकडे त्यांनी कुणालातरी सांगितलेलं ओसरीवर स्पष्ट ऐकू आलं, “बोलायला लागलेत परत. चांगलं लक्षण आहे.”

शेवटी बुडबुडे थांबले आणि मूठ दगडासारखी घट्ट झाली. बाटलीत थोडं ब्रेक ऑइल उरलं होतं. उघडी बाटली ठेवली तर तेल हवेतलं पाणी ओढून खराब होतं, हे पाक विद्योकोंना ठाऊक होतं. वाया घालवण्यापेक्षा उरलेलं सगळं त्यांनी मुठीजवळच्या डबीत ओतलं. अगदी काठोकाठ. झाकण लावलं. आणि बायकोकडे पाहिलं.

“आता बसशील?”

“आधी पाक मार्सुदींना बसू दे,” बू रेत्नो म्हणाल्या.

स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी गल्लीने मोटरसायकलचा बांबूचा गरुड केला. लाल-पांढऱ्या कागदाचे पंख दोन्ही बाजूंना पसरले. कमानीतून जाताना दोन्हीकडे बोटभर जागा उरेल, असं मोजून. परीक्षकांची गाडी कमानीतून वर गेली तेव्हा कास्मन आणि आणखी तिघं खांबाला टेकून गप्पा मारत उभे होते. परीक्षकांनी वरून पाहणी सुरू केली. कुंड्या पाहिल्या, गटारं पाहिली, वहीत काही लिहिलं नाही. मग त्यांना सन्मानाने खाली न्यायला मिरवणूक निघाली: पुढे गरुड, त्यावर स्वातंत्र्यसैनिकाचा पोशाख केलेले पाक विद्योको, मागे छातीवर पदकं लावलेले पाक मार्सुदी, त्यामागे परीक्षकांची गाडी आणि शेवटी डफ वाजवणाऱ्या बायका. पाक गुनादी आधीच कमानीपाशी जाऊन थांबले होते. वर जायची पाळी त्यांची होती.

उतार मोठा, मिरवणूक संथ. पाक विद्योकोंनी ब्रेकवर दोन बोटं ठेवली. ब्रेक लागला! सोडल्यावर गाडी पुढे गेली, दाबल्यावर सावरली. त्यांना शिंगं फुटल्यासारखं झालं. मागे नव्वद किलोंची पदकं असूनही गाडी त्यांच्या बोटांच्या इशाऱ्यावर उतरत होती. सातव्या घरापासून त्यांनी बोटं उचललीच नाहीत. आनंदाने ब्रेक अर्धा दाबलेलाच ठेवला. बाराव्या घरापाशी जळका वास आला. त्यांना वाटलं, बू तुमिनींच्या कढईचा असेल. कमानीत शिरता शिरता त्यांनी ब्रेक सोडला.

ब्रेकने सोडलं नाही.

गाडी कमानीच्या मधोमध उभी राहिली. पंख दोन्ही खांबांना बोटभर अंतरावर. मागे परीक्षकांची गाडी, त्यामागे डफ. पाक विद्योकोंनी गाडी पुढे ढकलली, मागे ढकलली. पुढचं चाक सिमेंटमध्ये रोवल्यासारखं.

“उतरा जरा,” ते हळूच म्हणाले. “उचलून बाजूला घेऊ.”

“मी उतरलो तर ते बसतील,” पाक मार्सुदी ओठ न हलवता म्हणाले.

खरंच पाक गुनादी टोपी नीट करून एक पाऊल पुढे आले होते. “उतरणं संपलं ना?” त्यांनी विचारलं. “मग आता चढणं.”

“कमान ओलांडेपर्यंत उतरणं संपत नाही!” पाक मार्सुदींनी दोन्ही हातांनी सीट पकडली. ते सीटवर असेपर्यंत गाडी उचलणं गल्लीतल्या कुणालाही शक्य नव्हतं, आणि ते उठणार नव्हते. परीक्षकांच्या गाडीला दुसरी वाट नव्हती. मुख्य परीक्षकबाईंनी काच खाली करून विचारलं, “कार्यक्रम आहे का काही इथे?”

मग बू तुमिनी पुढे झाल्या. “हो! जेवण आहे.”

जेवण संध्याकाळचं होतं, गल्लीसाठी. पण बायकांनी डफ खाली ठेवले आणि जिच्या घरी जे शिजत होतं ते बाहेर आलं. रस्त्यावर चटया पडल्या. सोतोच्या मसालेदार रश्श्याच्या वाट्या आल्या, केळीच्या पानावर भात आला, तळलेलं टेंपे आलं, नारळाच्या दुधातलं गार सरबत आलं. परीक्षक आधी नको नको म्हणाले, मग बसले, मग सरकून दुसऱ्यांना जागा करून दिली. पाक मार्सुदींना सीटवरच वाटी दिली. पाक गुनादी, शेजारी उभं राहून दमल्यावर, अखेर आपल्या खांबाशी बसले आणि मुख्य परीक्षकबाईंना कमान कशी उभारली ते सांगायला लागले. पाक मार्सुदी वरून दुरुस्त्या सुचवत होते. मेलाती गल्लीत परीक्षकांना पाण्याची बाटली मिळते.

सगळ्यांचं पोट भरत होतं आणि पाक विद्योको मूठ धरून गाडीवर बसून होते, स्वातंत्र्यसैनिकाच्या पोशाखात, घामाने भिजलेले. त्यांच्याकडे कुणी पाहतही नव्हतं. बू रेत्नो चहाचा पेला घेऊन आल्या आणि गाडीशेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी चहा हातात दिला.

चहा संपत आला असताना गाडी हलली. वीतभरच, आपल्या आपण. पाक विद्योकोंची दोन बोटं सवयीने वळली. गाडी थांबली. त्यांनी बोटं उचलली. गाडी पुन्हा वीतभर पुढे गेली. दाबली, थांबली. ते थिजून बसून राहिले. मग त्यांनी मान वळवली. बू रेत्नो पुढच्या चाकाकडे बघत होत्या.

“काय झालं होतं?” त्यांनी विचारलं.

“तेल काठोकाठ भरलं होतं मी. ब्रेक धरून ठेवला, तेल तापलं, फुगायला जागा नव्हती. आता निवलं.”

“तापल्यावर द्रव फुगतो, हे तुम्ही मुलांना शिकवता ना?”

“नवव्या धड्यात.”

“मग?”

“बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही,” पाक विद्योको म्हणाले.

गरुड कमानीबाहेर पडला, परीक्षकांची गाडी गेली, जाताना आतून तिघांनी हात केला. मग ठरल्याप्रमाणे पाक गुनादी सीटवर बसले आणि गल्ली चढून वर गेले. बघायला परीक्षक नव्हते, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाक मार्सुदींनीही, वाटी खाली ठेवून.

दुपारी निकाल कळला. सुंदर गल्लीचं बक्षीस मेलातीलाच. पण परीक्षकांनी या वर्षी आयत्या वेळी एक नवं बक्षीस काढलं होतं, पाहुणचाराचं, आणि ते घ्यायला केनांगा गल्लीला गावातल्या सभागृहात बोलावलं होतं. गल्लीत धांदल उडाली. गाड्या बाहेर निघाल्या. पाक विद्योकोंनी औषधाच्या ड्रॉपरने डबीतलं जास्तीचं तेल काढून टाकलं, बांबूचे पंख उतरवले, सीट पुसली, आणि हेल्मेट घालून पुढे बसले.

बू रेत्नो बाहेर आल्या. सकाळचा तंग लुंगीसारखा काईन त्यांनी बदलला होता आणि पँट घातली होती. पाक विद्योकोंना तेव्हाच कळायला हवं होतं.

“बसतेस?” त्यांनी विचारलं.

“सरका.”

“कुठे?”

“मागे.”

“अगं, ब्रेक नीट झालाय. तू स्वतः पाहिलंस.”

“पाहिलं म्हणून तर चालवते आहे.”

कुंपणाच्या डाव्या बाजूला डोकं होतं. रस्त्यात पाक मार्सुदी गाडी चालू करून थांबले होते. समोरच्या तीन घरांचे पडदे बाजूला झाले होते. पाक विद्योकोंनी चारी बाजूंना एकदा पाहून घेतलं आणि ते सरकले. बू रेत्नोंनी गाडी सुरू केली, पाय वर घेतला, आणि केनांगा गल्लीचा उतार सुरू झाला. वळणाअलीकडच्या सगळ्यात तीव्र उतारावर गाडीने जरा वेग घेतला, आणि पाक विद्योकोंचा उजवा हात आपोआप आवळला गेला.

“पाक,” हेल्मेटमधून आवाज आला.

“काय?”

“ती माझी कंबर आहे. ब्रेक पुढे आहे.”

पाक विद्योकोंनी पकड जराशी सैल केली. सोडली मात्र नाही.